शी-बॉक्स पोर्टल: टपाल नीट पोचतं, पण दार उघडणारं कोण?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार ऑनलाइन नोंदवण्यासाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं शी-बॉक्स हे पोर्टल चालवलं आहे. जुलै 2017 मध्ये ते सुरू झालं तेव्हा फक्त केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खासगी क्षेत्रालाही खुलं केलं. सध्याचं पोर्टल 29 ऑगस्ट 2024 पासूनचं, नव्यानं बांधलेलं. त्यामुळे 2018-19 मधल्या अनुभवांवरून आजच्या पोर्टलला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आजच्याला ठेवण्याजोगी वेगळी आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. तक्रार नोंदीसकट, फार बोभाटा न होता योग्य समितीकडे पोचवणं हे काम पोर्टल बऱ्यापैकी करतं. चौकशी ते करत नाही, मंत्रालयही करत नाही. चौकशी करते तुमच्या कचेरीतली अंतर्गत समिती, किंवा जिल्ह्याची स्थानिक समिती. दिल्लीहून कुणीतरी येऊन साहेबाला जाब विचारेल अशा आशेनं फॉर्म भरणाऱ्या बाईची निराशा होते, आणि मग 'सरकारी साइट, काही उपयोग नाही' असा शेरा पडतो. मंत्रालयाला दिसतं ते एवढंच की तक्रार आली, तिची स्थिती काय, किती दिवस पडून आहे. हे 'एवढंच' कमी लेखू नका. कागदावर दिलेली तक्रार 'आमच्याकडे आलीच नाही' म्हणून पचवता येते. इथे तारीख पडते.

नव्या पोर्टलची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे झाकपाक. तक्रारीचा मजकूर समितीच्या अध्यक्षांशिवाय कुणाला दिसू नये अशी रचना केली आहे. पूर्वी कंपनीत तक्रार केली की ती एचआरच्या टेबलावरून, मग विभागप्रमुखाच्या, मग प्लँट हेडच्या टेबलावरून फिरायची, आणि समितीपर्यंत पोचायच्या आत कॅन्टीनमध्ये पोचलेली असायची. पॉश कायद्याचं, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्याचं, कलम 16 गुप्ततेबद्दल स्पष्ट आहे. तो मोडणाऱ्याला नियमांत 5000 रुपये दंडही आहे. दंडाची रक्कम हसण्यासारखी आहे, म्हणून तांत्रिक आडोसा जास्त कामाचा.

पण या आडोशाला एक भोक आहे, आणि ते पोर्टलनं पाडलेलं नाही. कंपनी पोर्टलवर नोंदणी करताना समितीच्या अध्यक्षांचा ईमेल देते. तिथे अध्यक्ष बाईंचा नेहमीचा ऑफिसचा मेल टाकला, आणि तो मेल त्यांची सहायक रोज सकाळी उघडत असेल, तर गुप्तता संपली. बाई नोकरी सोडून गेल्या आणि आयटीवाल्यांनी खातं बंद केलं, तर तक्रारीची सूचना बंद दारावर जाऊन पडते. याहून वाईट म्हणजे बंद खात्याचे मेल 'काही राहायला नको' म्हणून एचआर प्रमुखाकडे वळवण्याची पद्धत. बऱ्याच कचेऱ्यांत ती आपोआप होते, कुणी मुद्दाम करत नाही. उपाय सोपा: समितीसाठी वेगळा मेलबॉक्स, पासवर्ड फक्त अध्यक्ष आणि आणखी एका सदस्याकडे, वळवणूक बंद, आणि समिती बदलली की त्याच दिवशी पोर्टलवरची नोंद बदलायची. समितीची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं असते. 2022 च्या आदेशावर 2026 मध्ये काम चालवणाऱ्या समित्या भिंतीवरच्या फलकात भरपूर सापडतील. फलक पाण्याच्या कूलरच्या मागे, वर चार नावं, त्यातली दोन राजीनामा देऊन गेलेली, तिसरीचा फोन नंबर लँडलाइन.

आता तक्रार भरण्याबद्दल, कारण खरं घोडं इथेच अडतं.

पोर्टलचा पत्ता मंत्रालयाच्या डब्ल्यूसीडी डॉट गव्ह डॉट इन या डोमेनवरचाच असल्याची खात्री करा. नोंदवायला पैसे लागत नाहीत, तक्रारदारालाही नाहीत आणि कंपनीलाही नाहीत. 'रजिस्ट्रेशन करून देतो' म्हणून फी घेणारे सल्लागार फक्त फॉर्म भरण्याची मजुरी घेत असतात, हे ओळखून असावं. तक्रार भरताना घरचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर द्या, ऑफिसचा नको. ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसचं वायफायही टाळा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा, शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तो बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवून ठेवा.

आपण नेमक्या कुठल्या आस्थापनेत काम करतो हे भरताना चूक होते. कंत्राटदाराकडे पगार आणि काम दुसऱ्याच्या कारखान्यात, अशा बायकांची इथे गफलत होते. छळ करणारा दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या खात्याचा असला तर तक्रार कुणाकडे, हा वाद वर्षानुवर्षं होता. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला: बाईच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणची समिती दुसऱ्या खात्यातल्या माणसाविरुद्धची तक्रारही ऐकू शकते. 'तो आमचा माणूस नाही' म्हणून हात झटकणाऱ्या समितीला हे तोंडावर सांगता येतं.

मजकुराची चौकट मात्र तक्रारीचा जीव आहे. पुष्कळ तक्रारी अशा असतात: 'आमचे साहेब माझ्याशी नीट वागत नाहीत, वाईट नजरेनं बघतात, खूप मानसिक त्रास होतो, कृपया न्याय मिळावा.' यातला शब्द न् शब्द खरा असेल. तरी समितीच्या हातात धरायला काही नाही, आणि समोरच्याला नाकारायला एक वाक्य पुरतं. तीच गोष्ट अशी लिहिता येते:

'12 मार्च, गुरुवार. संध्याकाळी साधारण 6.40. दुसऱ्या मजल्यावरची स्टोअर रूम. मी माल मोजणीचं रजिस्टर ठेवायला गेले. ते मागून आले, दार लोटलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज लवकर कशाला जातेस, मी सोडतो ना." मी हात झटकला आणि बाहेर आले. जिन्यात स्टोअरमधली एक सहकारी भेटली, तिनं माझा चेहरा बघून विचारलं. 6.52 ला मी माझ्या बहिणीला व्हॉट्सॲप केला, तो सोबत आहे. 14 मार्चला त्यांनी माझी शिफ्ट बदलली.'

तारीख, वेळ, जागा, त्यांचे शब्द जसेच्या तसे, आपण काय केलं, लगेच कुणाला सांगितलं, नंतर काय बदललं. शब्द ज्या भाषेत उच्चारले त्याच भाषेत लिहा. घाणेरड्या मराठी वाक्याचं सभ्य इंग्रजी केलं की त्यातला छळच गळून पडतो. 'नकोसं' असणं हा कायद्याचा गाभा आहे, म्हणून आपण नको म्हटलं ते कसं, हे लिहायला विसरू नका. गप्प राहिलात तर तेही लिहा आणि का ते लिहा: प्रोबेशन चालू होतं, घरी एकटीच कमावती आहे, जे असेल ते. शिफ्ट बदलल्याची ओळ फालतू वाटते, पण कलम 3 मध्ये नोकरीबाबत धमकी, वाईट वागणूक, कामात ढवळाढवळ हे सगळं छळाशी जोडून धरलं आहे. ती ओळ समितीला उपयोगी पडते.

चॅट पुसू नका, फोन विकू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दोन्ही दिसायला हवेत; नुसतं सेव्ह केलेलं नाव दिसत असेल तर संपर्काचं पान उघडून त्याचाही फोटो जोडा. समितीपुढे न्यायालयासारखे पुराव्याचे कडक नियम नसतात. पण पुढे पोलिसांत जायचं ठरलं, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली वगैरे, तर मूळ फोनची गरज पडते.

नियमांत एक जुनी अट राहून गेली आहे: तक्रारीच्या 6 प्रती, कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. ऑनलाइन तक्रार आली तर 6 प्रती छापायला समितीला काहीच कष्ट नाहीत, तरी 'प्रती द्या मग बघू' असं म्हणणारी समिती भेटतेच. वाद घालू नका. पीडीएफ तयार ठेवा, 6 प्रिंट काढा, नेऊन द्या आणि सातव्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच घ्या. पोर्टलचा क्रमांक आणि हातातली पोच, दोन्ही असणं हे सगळ्यात बरं. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं कायदेशीर कर्तव्य आहे, उपकार नव्हेत.

मुदतीवर मात्र पोर्टल काहीच वाचवत नाही. घटनेपासून, किंवा मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, 3 महिने. सबळ कारण असेल तर समिती कारण लेखी नोंदवून आणखी 3 महिने देऊ शकते. वरच्या उदाहरणात 12 मार्चची घटना, म्हणजे 12 जून, आणि अगदी ताणलं तर 12 सप्टेंबर. सप्टेंबर 2025 मध्ये पश्चिम बंगालच्या एका विधी विद्यापीठातलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात याच मुद्द्यावर पडलं: छळाची शेवटची घटना एप्रिल 2023 ची धरली गेली, तक्रार डिसेंबर 2023 ची. त्यानंतरचे प्रशासकीय निर्णय छळाचाच पुढचा भाग धरता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. म्हणून 'शिफ्ट बदलली' ही ओळ मुदत वाढवेल या भरवशावर राहू नका. ती जोड आहे, आधार नव्हे. आणि 'आधी एचआरशी तोंडी बोलून बघू' यात अडीच महिने गेले, तर ते आपल्याच खात्यातून गेले.

तक्रार पोचल्यावरचं वेळापत्रक कायद्यात आकड्यांनी आहे. समितीनं 7 कामाच्या दिवसांत समोरच्याला प्रत पाठवायची, त्यानं 10 कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी 90 दिवसांत संपवायची, 10 दिवसांत अहवाल मालकाला, आणि मालकानं 60 दिवसांत कारवाई. बैठकीला अध्यक्षांसह किमान 3 सदस्य हवेत. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी चालू असताना बदली, 3 महिन्यांपर्यंत रजा असा अंतरिम दिलासा मिळू शकतो, पण तो लेखी मागावा लागतो, आणि हे बहुतेकींना कुणी सांगतच नाही. तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदातच मागून टाका. तडजोडीची तरतूद आहे, पण तीही बाईनं मागितली तरच, आणि पैसे घेऊन तडजोड कायद्याला मान्य नाही. 'पन्नास हजार घे आणि विषय संपव' हे समितीच्या टेबलावर बोललं गेलं तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.

पोर्टल घड्याळ दाखवतं. घड्याळाला घाबरून घाई करणाऱ्या समितीचं काय होतं, हे गोव्याच्या प्रकरणात दिसलं. गोवा विद्यापीठाच्या एका विभागप्रमुखाविरुद्धची चौकशी समितीनं 2009 मध्ये घाईघाईनं उरकली, बचावाची पुरेशी संधी दिली नाही. 12 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण परत समितीकडे पाठवलं, मे 2009 मध्ये जिथे होतं तिथूनच पुढे न्यायला. चौदा वर्षं, आणि तक्रार करणाऱ्या मुलींच्या हाती काय? समित्यांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण पहिल्या तासाला शिकवायला हवं. दोन्ही बाजूंना एकमेकांचे कागद द्या, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्या (लेखी प्रश्न समितीमार्फत, म्हणजे समोरासमोर बसवण्याचा जाच टळतो), रोजच्या कामकाजाच्या नोंदीवर सही घ्या. 90 दिवसांत हे सगळं बसतं. तारखा नीट लावल्या तर 60 मध्येही बसतं.

याच गोव्याच्या प्रकरणातून देशभरच्या समित्यांची झाडाझडती सुरू झाली. 3 डिसेंबर 2024 च्या आदेशात न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमायला, स्थानिक समित्या बसवायला आणि तालुक्यापर्यंत नोडल अधिकारी द्यायला मुदती घालून दिल्या. शी-बॉक्सवर आस्थापनांची नोंद करून घेण्याचा जोर आला तोही यानंतरच. 14 जुलै 2025 पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि 90 दिवसांच्या वर किती पडून आहेत, हे आकडे छापावे लागतात. बऱ्याच कंपन्यांना समितीची आठवण या ओळीमुळे झाली, हे कबूल करायला हरकत नाही.

छोट्या ठिकाणी पोर्टलची खरी परीक्षा आहे आणि तिथे ते कच्चं पडतं. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. डॉक्टरच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, साडीच्या दुकानातली सेल्सगर्ल, ब्युटी पार्लर, घरकाम, सगळं इथे येतं. कायद्यानं घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे. पण घरकाम करणारी बाई ईमेल पडताळून फॉर्म भरेल ही कल्पना दिल्लीतल्या टेबलावर सुचलेली. तिच्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचं कार्यालय, किंवा एखाद्या संघटनेची कार्यकर्ती जी तिच्या वतीनं टाइप करून देईल, हाच मार्ग. आणि स्थानिक समित्यांना आपण काय देतो? अध्यक्षांना बैठकीचे रोज 250 रुपये, सदस्यांना 200. हे 2013 च्या नियमांतले दर आहेत. तीन तास जबानी ऐकणाऱ्या बाईला रिक्षाभाडं सुटलं तरी पुष्कळ.

कंपन्यांकडून होणाऱ्या चुकांपैकी दोन नेहमीच्या. पहिली, माणसं मोजताना फक्त पगारपत्रकावरची मोजणं. हाउसकीपिंगवाल्या, सुरक्षारक्षक, अप्रेंटिस, रोजंदारीवाले सगळे धरायचे. आठ जणांची फर्म अशी सहज चौदाची होते. दुसरी, मुख्यालयाची एकच समिती नोंदवून पुण्या-नाशिक-कोल्हापूरच्या शाखा तिच्याच नावावर चालवणं. कायदा प्रत्येक कार्यालयाला समिती मागतो. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक बाहेरचा सदस्य, आणि एकूण निम्म्याहून कमी महिला नकोत. बाहेरचा सदस्य कंपनीचाच नेहमीचा कायदा सल्लागार असेल तर तो बाहेरचा कसला? समितीच नसेल तर 50,000 रुपये दंड. पुन्हा तीच चूक केली तर दुप्पट, आणि परवान्यावरही गंडांतर.

शी-बॉक्स कशासाठी नाही तेही सांगायला हवं, कारण चुकीच्या दारात उभं राहण्यात मुदती जातात. साहेब सगळ्यांवरच ओरडतो, पगार अडवला, बाळंतपणाची रजा नाकारली, जातीवरून बोलला: यांतलं काहीही एकटं शी-बॉक्सवर टाकलं तर ते परत येईल. रजेसाठी आणि पगारासाठी कामगार कार्यालय, जातीवाचक अपमानासाठी ॲट्रॉसिटी कायदा आणि पोलीस ठाणं. पुरुष कर्मचाऱ्याच्या तक्रारीला या कायद्यात जागाच नाही, ही त्रुटी वर्षानुवर्षं बोलली जाते आणि तशीच आहे. चांगल्या कंपन्या आपल्या धोरणात ती भरून काढतात. महाविद्यालयांत मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2015 चे नियम विद्यार्थ्यांना, मुलगे असोत वा तृतीयपंथी, संरक्षण देतात.

'पुरावा नसेल तर खोटी तक्रार म्हणून माझ्यावरच येईल' ही भीती फॉर्म अर्धवट सोडायला लावते. कलम 14 नीट वाचा: तक्रार सिद्ध करता न येणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे. दुष्ट हेतू स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. भिंतीवरच्या बऱ्याच फलकांवर मात्र 'खोट्या तक्रारीवर कारवाई होईल' ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरांत असते, आणि समितीचे फोन नंबर सगळ्यात बारीक.

पाचपैकी किती द्यायचे? तक्रार पोचवण्याला चार. बाकीचे गुण पोर्टलला देताच येत नाहीत, ते त्या मेलबॉक्सच्या पलीकडे बसलेल्या बाईंना द्यायचे. त्या कोण आहेत हे तक्रार करायच्या आधी शोधता येतं: समितीचा आदेश दर्शनी भागात लावणं मालकावर बंधनकारक आहे. उद्या कामावर गेलात की तो बघा, तारीख वाचा, आणि नाव ओळखीचं नसेल तर त्या नंबरवर एक फोन लावून बघा.